एकवीस दिवसांचं इंजेक्शन

मनूचं लग्न झालं ते साल दोन हजार तीन. मे महिना होता, पुण्यात भर उन्हात मांडव होता, आणि जेवणात आमरस कमी पडला म्हणून व्याही जरा फुगले होते. मनू म्हणजे शैलाची धाकटी नणंद. तिला लहानपणी फिट यायच्या. ही गोष्ट तिच्या आईने, सुधाबाईंनी, प्रत्येक स्थळाला पहिल्याच भेटीत सांगून टाकली, चहा यायच्या आधी. तीन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. चौथं टिकलं. मांडवात सुधाबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "आम्ही काही झाकलं नाही हो. मुलगी दिली ती सगळं उघड सांगून दिली."

त्या वेळी शैला त्यांच्या मागेच उभी होती, हातात ओटीचं तबक घेऊन. थोरली सून. तिने तबक खाली ठेवलं आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून आत निघून गेली.

शैलाचं माहेर इस्लामपूरचं. वडील वासुदेवराव हायस्कुलात कारकून होते. शैला नऊ वर्षांची असताना तिला सांध्यांचा ताप आला, आणि ताप गेला तरी हृदयाच्या एका झडपेत खोट ठेवून गेला. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलीनचं इंजेक्शन. इंजेक्शनच्या दिवशी वासुदेवराव कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करायचे. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, मिरजेच्या दवाखान्यात जांघेतून नळी घालून, फुगा फुगवून ती झडप उघडली. छातीवर टाका नाही, व्रण नाही. डॉक्टर म्हणाले, "आता ही चार मुलींसारखी. फक्त इंजेक्शन सोडू नका, आणि दिवस राहिले की हृदयाच्या डॉक्टरला आधी दाखवा."

लग्नाचं बघायला लागल्यावर वासुदेवरावांनी पहिल्या दोन स्थळांना खरं ते सांगितलं. दोघांनी पोस्टकार्डावर नकार कळवला. मग त्यांनी सांगायचं सोडलं. "चार मुलींसारखी आहेस असं डॉक्टरच म्हणालेत," ते शैलाला म्हणाले, "मग चार मुली सांगतात का काही?" श्रीपाद खांबेटेचं स्थळ सातवं. हळदीच्या चार दिवस आधी शैलाने शेवटचं इंजेक्शन घेतलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर वासुदेवरावांनी काढून ठेवलं. सासरी दर एकवीस दिवसांनी कुठे जाते म्हणून सांगणार होती?

श्रीपाद म्युनिकला एका कंपनीत संगणकाचं काम करायचा. मनूचं लग्न उरकलं आणि जूनमध्ये शैला नवऱ्याकडे गेली. मुलाचा संसार बघावा म्हणून सुधाबाईही तीन महिन्यांसाठी बरोबर गेल्या. घर म्युनिकच्या गीझिंग भागात, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी बॅगा घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर शैलाला धाप लागली, तेव्हा सुधाबाई म्हणाल्या, "अगं, मी साठीची बाई चढतेय आणि तू कसली दमतेस?" शैला हसली आणि पुढे चढली.

आठवड्याभराने विम्याचा माणूस घरी आला.

इथे श्रीपादचं काय झालं होतं ते सांगायला हवं. तो आदल्या वर्षी एकटा आला, तेव्हा ऑफिसातल्या बाईने त्याला विचारलं, विमा सरकारी कासेचा, म्हणजे तिथल्या सरकारी आजारविम्याचा, घेणार की खासगी? पगार एका हद्दीच्या वर असला की त्या देशात निवडायची मुभा मिळते, आणि श्रीपादचा पगार वर होता. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तरुण माणसाला खासगी स्वस्त पडतो, शिवाय डॉक्टर तुला आधी घेतो, कासेवाले बसतात बाहेर वाट बघत. श्रीपादने खासगी घेतला. एकट्या माणसाने एकट्यापुरता विचार केला. सरकारी कासेत बायको नवऱ्याच्या कार्डावर आपोआप येते, तिला कुणी एक प्रश्न विचारत नाही; आणि खासगीत ज्याचा त्याचा विमा वेगळा, ज्याची त्याची तपासणी वेगळी, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. एकदा खासगीत गेलं की मागे वळणं सोपं नसतं, हेही त्याला कळायला वेळ लागला.

विम्याचा माणूस गोरापान, गोलमटोल. दारातच बूट काढले म्हणून सुधाबाईंना फार आवडला. त्याने टेबलावर फॉर्म पसरला. तो इंग्रजीत विचारायचा, आणि आईलाही कळावं म्हणून श्रीपाद मराठीत सांगायचा. सुधाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या.

"उंची. वजन. चष्मा आहे का. पडलेले दात किती."

"दात?" सुधाबाई हसल्या. "म्हैस घेतोय की काय हा?"

श्रीपादने ते इंग्रजीत करून सांगितलं. तो माणूसही हसला. मग त्याने पान उलटलं.

"गेल्या दहा वर्षांत दवाखान्यात राहिलीस का. हृदय, रक्तदाब, फुप्फुस, काही आजार आहे किंवा होता का."

शैलाचे हात मांडीवर होते. समोर श्रीपाद, डावीकडे सुधाबाई. सुधाबाई शेंगेचं देठ ओढत सहज म्हणाल्या, "हे बरं आहे बाई यांचं. सगळं कागदावर आधी विचारून घेतात. आपल्याकडे असं असतं तर किती घरं फसायची वाचली असती."

"नाही," शैला म्हणाली.

"दोन्हीला नाही?"

"नाही. काही नाही."

त्या माणसाने दोन फुल्या मारल्या आणि सहीसाठी पेन पुढे केलं. शैलाने सही केली. माहेरी शिकवलेली वळणदार सही, नावाखाली रेघ ओढून.

सप्टेंबरात सुधाबाई पुण्याला परतल्या, आणि नोव्हेंबरात शैलाला दिवस गेल्याचं कळलं. घरात दोघंच असली की ती नवऱ्याला नावाने हाक मारायची. "श्रीपाद, आईंना फोन कर ना, तूच सांग," असं म्हणून ती लाजून स्वयंपाकघरात गेली. तिकडून सुधाबाई फोनवर इतक्या मोठ्याने बोलल्या की तिला आतपर्यंत ऐकू आलं.

बायकांच्या डॉक्टरने डिसेंबरात छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि हृदयाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. श्रीपादला ऑफिस होतं. शैला एकटीच गेली. अंधाऱ्या खोलीत तिला डाव्या कुशीवर निजवून डॉक्टरबाईंनी पडद्यावर तिचं हृदय बघितलं. बराच वेळ बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, "ही झडप फुग्याने उघडली होती. कधी?"

झालं होतं का असं विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं. आणि लग्नाला दोन वर्षं होत आलेल्या त्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. ताप सांगितला, मिरज सांगितली, इंजेक्शनं सांगितली, ती कधी सोडली तेही सांगितलं. सांगता सांगता रडली. डॉक्टरबाईंनी कागदी रुमाल दिला. म्हणाल्या, झडप परत अरुंद झाली आहे. पण घाबरू नकोस. गोळ्या घे, जिने कमी चढ, दर दोन आठवड्यांनी मला दाखव. गरज पडली तर पाचव्या महिन्यात पुन्हा फुगा करू. बाळ होईल.

त्या दिवशी शैला गीझिंगचे तीन मजले चार वेळा थांबून चढली, तरी तिला हलकं वाटत होतं. घरी तिने श्रीपादला एवढंच सांगितलं, की हृदयावर थोडा ताण आहे, दर दोन आठवड्यांनी बोलावलंय. बाकीचं पुढे कधीतरी सांगू.

पण डॉक्टरबाईंनी रीतीप्रमाणे सगळं लिहून ठेवलं होतं. विमा कंपनीने बिलाबरोबर माहिती मागवली, कागद गेले, आणि जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. तोवर सुधाबाई सुनेसाठी डिंकाचे लाडू बांधून घेऊन परत आल्या होत्या. श्रीपाद शब्दकोश घेऊन टेबलाशी बसला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"शैला, शहाण्णव साली मिरजेला काय झालं होतं?"

तिने सासूकडे बघितलं. मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं.

 सुधाबाईंनी उठून गॅस बंद केला. परत येऊन बसल्या.

"आमच्या आधी किती स्थळं बघितली तुझ्या वडिलांनी?"

"सहा."

"सहांना सांगितलं नाही?"

"पहिल्या दोघांना सांगितलं."

"हं." सुधाबाई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला सांगायला हवं होतंस. या घरात आल्यावर तरी."

"आणि लग्नाआधी सांगितलं असतं, तर तुम्ही करून घेतलं असतं मला?"

श्रीपाद म्हणाला, "आई, आता तो विषय—"

"थांब रे. विचारलंय तर सांगते. खोटं कशाला बोलू?" सुधाबाई म्हणाल्या. "नसतं करून घेतलं. मनूला तिघांनी नाकारलं म्हणून मी तिघांना शिव्या दिल्या. पण तुला मीही नाकारलंच असतं."

शैलाने मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं.

पत्राचा अर्थ सरळ होता. फॉर्मवर खोटं लिहिलं, सबब करार रद्द. शैलाचा विमा गेला, आणि तिथल्या दवाखान्याचा खर्च खिशातून झेपणारा नव्हता.

रविवारी मालिनीताई आल्या. तीस वर्षं म्युनिकमध्ये, नवरा जर्मन. गणपतीच्या वेळी मंडळात ओळख झालेली. बरोबर मुलगी कुहू होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तरं जर्मनमध्ये द्यायची. सुधाबाईंनी दिलेला लाडू तिने "डांके" म्हणून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

"आल्झो, तर मग," मालिनीताई कागद वाचून म्हणाल्या, "कासेत घुसायला हवं. श्रीपाद, तुझा पगार त्या हद्दीच्या खाली आला ना, की कायद्यानेच तू कासेत जातोस. आणि तुझ्यामागे शैला. कुणी विचारत नाही झडप आहे की नाही. कंपनीला सांग, पगार कमी कर."

श्रीपाद हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मालिनीताई, मी इंजिनियर नाही. बीएस्सी, आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स. मला इथलं ग्रीन कार्ड डिग्रीवर नाही, पगारावर दिलंय. पगार त्या हद्दीच्या खाली आणला की परवानाच जातो."

"अरे देवा. बरं, शैलाने नोकरी धरली तर? तिची ती कासेत येईल. बेकरीत, दुकानात, कुठेही."

"बायकोला वर्षभर कामाची परवानगी नसते. जूनमध्ये वर्ष होतं."

"जूनमध्ये ही आठ महिन्यांची असेल. कोण ठेवणार?" मालिनीताईंनी कपाळाला हात लावला. "दुसरी खासगी कंपनी?"

"फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे," शैला हळूच म्हणाली, "याआधी कुणी काढून टाकलंय का."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मालिनीताई म्हणाल्या. "आणि सरकारी मदतीच्या ऑफिसात तर पाऊल टाकू नका. तिथे गेलात तर व्हिसावर येईल."

सुधाबाई इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "म्हणजे ज्याला दुखणं नाही त्यालाच हे विमा देतात?"

"खासगीवाले तसेच, काकू."

"मग तो जाडा बूट काढून आला होता तो कशाला?"

तरीही दुसऱ्या दिवशी तिघं कासेच्या कचेरीत जाऊन आली. तिथली बाई चांगली होती. शैलाला खुर्ची दिली, पाणी दिलं, संगणकात दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा "लायडर" म्हणाली. नाइलाज आहे म्हणून.

मग सुधाबाईंनी ठरवलं. "मिरजेला जायचं. तिथल्या डॉक्टरांना तुझी झडप तोंडपाठ आहे." त्यांचं परतीचं विमान सत्तावीस मार्चचं. ते तिकीट बदलता येईना आणि शैलाला एकटीने पाठवायचं नव्हतं, म्हणून त्याच विमानात तिची जागा घेतली. श्रीपादला सुट्टी नव्हती, आणि नोकरी गेली तर मागे काहीच उरणार नव्हतं. वासुदेवराव फोनवर म्हणाले, "मी मिरजेत सांगून ठेवतो. तू फक्त ये, पोरी." 

हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे शैला परत गेली नाही. त्यांचा दोनदा फोन आला, तिने वाजू दिला. त्यांच्यापाशी बोललेलं कागदावर जातं, एवढं ती शिकली होती. आणि आता त्यांनी प्रवास नको असं लिहून दिलं, तर मिरज कायमची हुकेल, ही भीती मोठी होती. ज्या गोळ्या होत्या त्या तिने पुरवून पुरवून घेतल्या.

मार्चमध्ये तिला आडवं झोपता येईना. तीन उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागायचा. जिन्यात प्रत्येक वळणावर ती पायरीवर बसायची आणि सुधाबाई शेजारी बसायच्या. वरून येणाऱ्या जर्मन म्हातारीला दोघी सरकून वाट द्यायच्या. "दम खा," सुधाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "आपल्याला कुठे गाडी गाठायची आहे?" एकदा शैला म्हणाली, "आई, तुम्हाला माझा राग येत नाही?" सुधाबाई म्हणाल्या, "येतो ना. मिरजेला पोचलीस की भांडणार आहे. आता दम खा."

विमान कंपनीला डॉक्टरचं पत्र हवं होतं, प्रवासाला हरकत नाही म्हणून. चोवीस तारखेला दोघी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेल्या. त्याला मागचं काही माहीत नव्हतं, म्हणूनच त्याच्याकडे गेल्या. आत जायच्या आधी शैला पाव तास बाहेरच्या बाकावर बसली, श्वास खाली बसेपर्यंत.

त्याने तेच विचारलं. हृदयाचा काही त्रास? धाप लागते? पायाला सूज?

"नाइन," शैला म्हणाली, म्हणजे नाही. तीन वेळा म्हणाली. सूज दिसू नये म्हणून तिने जाड मोजे घातले होते.

एव्हाना सुधाबाईंना त्या भाषेतला हृदय हा शब्द कळत होता, आणि नाही हाही कळत होता. डॉक्टर ब्लडप्रेशरचा पट्टा सोडवत त्यांच्याकडे वळला. परक्या मुलखातल्या आजीबाईंकडे बघून हसला. "आलेस गूट?" सगळं ठीक ना, असं विचारलं.

चहा यायच्या आधी पोटच्या मुलीच्या फिट सांगणाऱ्या सुधाबाई. त्यांनी सुनेकडे बघितलं. शैलाचे डोळे त्यांच्यावरच लागले होते.

"या, या," सुधाबाई त्या भाषेतलं हो म्हणाल्या. "गूट."

डॉक्टरने सही केली.

सव्वीस तारखेला शुक्रवारी सकाळी आठला बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. शैला कपभर चहा घेऊन खुर्चीत बसली आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. तोंडावर धरलेला रुमाल गुलाबी फेसाने भरला. श्रीपादने फोन उचलला आणि तसाच उभा राहिला.

"आई, कार्ड नाही. घेतील का हिला?"

"आधी मालिनीला विचार," सुधाबाई म्हणाल्या.

मालिनीताईंचा फोन लागत नव्हता. त्या घरून कामाला जायच्या वाटेवर होत्या. चौथ्यांदा लागला. तोवर वीस मिनिटं गेली होती. मालिनीताई फोनवर किंचाळल्या, "मला काय विचारतोस? एकशे बारा फिरव!"

गाडी सात मिनिटांत आली. चार माणसं तीन मजले पळत चढली. त्यांनी मुखवटा लावला, सुई लावली, खुर्चीत बांधून तिला उतरवलं. दवाखान्यात दरवाजे आपोआप उघडत गेले. कार्ड कुणी मागितलंच नाही. दुपारी एक बाई फॉर्म घेऊन आली, श्रीपाद काही सांगू लागला, तर ती म्हणाली, "ते नंतर बघू," आणि विम्याच्या रकान्यात एक रेघ मारून निघून गेली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन बोलला. मालिनीताईंनी मराठीत सांगितलं. फुप्फुसात पाणी भरलंय. बाळाचे ठोके थांबलेत. फुगा करायला उशीर झाला आहे. पंधरा दिवस आधी आली असती तर करता आला असता. का आणली नाही, असं तो विचारतोय.

"त्याला विचार," सुधाबाई म्हणाल्या, "कार्ड नसताना घेतली असती?"

मालिनीताईंनी डॉक्टरला विचारलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "घेतली असती काकू. जिवावर बेतलंय म्हटल्यावर दवाखान्याला घ्यावंच लागतं. पैशाचं मागाहून. मला वाटलं, एवढं तुम्हाला माहीत असेल."

सुधाबाई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मला त्याने सरळ विचारलं होतं गं. परवा. मी गूट म्हटलं."

इस्लामपूरला फोन सुधाबाईंनीच केला. श्रीपादला करू दिला नाही. वासुदेवराव मिरजेहून नुकतेच घरी आले होते, खाट राखून ठेवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला कुणी काही बोललं नव्हतं ना? आम्ही सांगितलं नाही म्हणून?"

"नाही," सुधाबाई म्हणाल्या. "कुणी काही बोललं नाही."

शैला श्रीपाद खांबेटे, वय सव्वीस, शनिवार दिनांक सत्तावीस मार्च दोन हजार चार रोजी सकाळी साडेनऊला म्युनिकच्या दवाखान्यात वारली. पोटातली मुलगी आदल्या दिवशी गेली होती.